आधी उजवीकडे, मग वर

रेनॉल्ड वारल्यावर त्याच्या ट्रंकेत लष्कराचा एक जुना नकाशा निघाला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: ६७४ ६२८. रेनॉल्ड तोफखान्यात होता. आपल्या गावी, उत्तनला परत आल्यावर त्याने फौजेबद्दल घरात चकार शब्द काढला नव्हता.

हे आकडे एखाद्या जागेचे असावेत म्हणून त्याच्या मुलीने, एडनाने, नकाशावरच्या रेघा मोजल्या. जागा भर समुद्रात निघाली. ती नकाशा घेऊन शेजारच्या लिओनार्ड अंकलकडे गेली. तेही फौजेतून रिटायर झालेले.

"पहिले तीन आकडे कसे मोजलेस?"

"खालून वर."

"आधी डावीकडून उजवीकडे जायचं, मग वर. ६७ नंबरची उभी रेघ पकड. पुढच्या चौकोनाचे दहा भाग कर, त्यातले चार घे. मग ६२ची आडवी रेघ, तिथून आठ भाग वर. उलटं वाचलं तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो."

"असं कधी झालंय?"

"चहा घे," अंकल म्हणाले.

आता जागा जवळच्याच राई गावात आली.

"नेमकी कुठे?"

"शंभर मीटरच्या आत. पुढचं लोकांना विचारायचं."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून एडना राईला गेली. त्या शंभर मीटरांत दोन बिल्डिंगी, एक गॅरेज आणि एक जुनं घर होतं. ओट्यावर विमलाबाई नावाची म्हातारी बसली होती. एडनाने रेनॉल्डचं नाव सांगितलं.

"त्याची पोर तू? तो का न्हाय आला? दोन वरसं झाली."

"अंथरुणावर होते. गेल्या महिन्यात गेले."

विमलाबाई ओट्यावरून उठल्या. मग त्यांनी परसातली विहीर दाखवली. त्यांचा नवरा राघो रेनॉल्डच्याच तुकडीत होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला. पुढच्या सुट्टीत रेनॉल्ड कुदळ घेऊन आला. पाणी लागायला तीन सुट्ट्या गेल्या. नंतर दरवर्षी तो गाळ काढायला यायचा.

"आमच्या घरी त्यांनी कधी बादली उचलली नाही," एडना म्हणाली.

"हितं बी बोलायचा न्हाय. काम करायचा, जायचा."

एडनाला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. विमलाबाईंनी पोहरा सोडला आणि तिला पेला भरून दिला. पाणी किंचित मचूळ होतं. एडनाने दुसरा पेला मागितला, आणि ओट्यावर बसून राघो कसा होता ते विचारलं.