शंभर सेकंद

सभागृहातल्या रेडिएटरच्या नळीभोवती मीरगुलने बुरणुसाचा तुकडा दोनदा गुंडाळला, वरून दोरीने आवळला आणि कान लावून पाहिला. नळी अजून टकटकत होती, पण आता शेजारच्या घरात टकटकावी तशी.

नारीनहून सकाळी निघालेली मिनीबस डोलोनच्या घाटात बर्फामुळे तासभर उभी राहिली. आत अकरा बायका आणि बोरसोकांचं, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचं, एक पोतं.

शायलोबेक अगायांचे तळवे फावड्याएवढे रुंद होते.

वॉर्सॉमध्ये पंचाहत्तराव्या सेकंदाला. अल्माटीत एकेचाळिसाव्या. ताश्कंदमध्ये तर कुणीतरी आनंदाने शीळच घातली होती.

चेलोच्या कागदावर, अगदी तळाशी, पेन्सिलीने: तळव्यावरून लोकर ओढावी तसं.

*

मार्चमधल्या त्या गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता, हे सगळं बिश्केकमधल्या एका विद्यापीठाच्या सभागृहात एकत्र आलं.

‘आजचं संगीत’ ही मैफलींची माळ मीरगुल सात वर्षं चालवत होती. महिन्यातून एकदा, फक्त जिवंत संगीतकारांच्या रचना. ऐकायला बहुतेक वेळा वीस माणसं, त्यातली निम्मी वाजवणाऱ्यांची नातेवाईक. आज या माळेत पहिल्यांदाच तिची स्वतःची रचना होती: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. शेवटी चौघं थांबतात. गज हवेत धरून ठेवतात. शंभर सेकंद काहीच नाही. आणि मग एकट्या चेलोवर, तारेवरून गजाची एकच ओढ.

ती ओढ मीरगुलने कधी ऐकली नव्हती. तालमीत ऐकू येई, पण रिकाम्या खोलीतला तो नुसता आवाज. माणसांनी भरलेल्या शांततेतून तो येताना तिला ऐकायचा होता. एकदाच. आजवर तीन शहरांत रचना वाजली आणि तिन्ही ठिकाणी लोकांना वाटलं, संपली. टाळ्यांनी ती ओढ खाऊन टाकली.

आता खरी भीती होती ती विभागप्रमुखांच्या टाळ्यांची, शायलोबेक अगायांच्या; अगाय म्हणजे इथले ‘सर’.

“मीरगुल, या वेळी नक्की कधी संपतं ते मला खूण करून सांग,” शायलोबेक अगाय कोट काढता काढता म्हणाले. “गेल्या महिन्यात मी मध्येच टाळ्या वाजवल्या म्हणे.”

“अगाय, आज तुम्ही सुरूच करू नका. एवढं माझं ऐका.”

“मग कोण करणार? तुझे ते चार विद्यार्थी? ते तर झोपेतून उठल्यावर वाजवतात.” ते हसले. “अगं, पोरं बिचारी वाद्यं धरून अवघडून बसतात. यजमानानंच हात आखडले तर पाहुण्यांनी काय करायचं?”

त्यांच्या चांगुलपणापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि बर्फाचा वास घेऊन अकरा बायका आत आल्या. पुढे तिची आई काल्बुबू, पांढरा रुमाल बांधलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने पोतं ओढत. आज सभागृह भरावं म्हणून मीरगुलने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते, खुर्च्या भरतही आल्या होत्या; आईने तर गावच उचलून आणलं होतं.

“आपा, पोतं बाहेर ठेव ना.”

“बाहेर ठेवू? तुझ्या शहरात कुणी उपाशी दिसलं तर त्याला काय देऊ, तिकीट?” काल्बुबूने मंचाकडे पाहिलं. चेलोवाला उरमात तारा जुळवत होता. “हे बघा गं, ह्याला आधी खायला घाला. वाद्य त्याच्यापेक्षा जाडजूड आहे!”

बायका हसल्या. उरमात कानापर्यंत लाल झाला आणि त्याने मुकाट्याने बोरसोक घेतला.

“वाजवणार काय आहात?” काल्बुबूने लेकीला विचारलं. “गाणं आहे की नुसतं खरवडणं?”

“खरवडणंच आहे, आपा.”

“चालेल. तीस वर्षं भांडी खरवडली, तेही ऐकून घेऊ.”

ती पहिल्या रांगेत, शायलोबेक अगायांच्या शेजारी बसली.

*

मीरगुल बाजूच्या दाराशी उभी राहिली. तिथून मंच दिसायचा आणि माणसंही.

रचना पुढे सरकत गेली. खरवडणं होतं, कुजबुज होती, लाकडावर बोटांची टकटक होती. बायका सुरुवातीला एकमेकींकडे पाहत होत्या. मग पाहायच्या थांबल्या. चौघांनी गज उचलले. हवेत धरले.

शून्य.

वीस. छपरावरचा बर्फ घसरला. तो पडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर शांतता आधीपेक्षा खोल गेली, विहिरीत दगड टाकल्यावर जाते तशी.

पस्तीस. कुणी खोकलं नाही.

पन्नास. उरमातचा दंड थरथरू लागला होता. मीरगुलचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. शायलोबेक अगायांचे हात मांडीवरून उठले होते. ते मंचाकडे पाहत होते, चेहऱ्यावर तीच काळजी: पोरं अवघडली. तळवे एकमेकांसमोर आले, वीतभर अंतरावर.

मीरगुलने डोळे मिटले नाहीत, पण दाराची कड घट्ट धरली.

छप्पन्न. शेजारी काल्बुबूने काठी गुडघ्यांना टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे आकाशाकडे, पाणी घ्यावं तसे. तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता.

सभागृहात वयाने तीच सगळ्यांत मोठी होती. थोरल्या माणसाने बाता, म्हणजे आशीर्वादाची दुआ, द्यायला हात उघडले की तिथलं पोर असो की मंत्री, तळवे उघडणारच. आणि ते मिटेपर्यंत पापणीचाही आवाज करायचा नाही. शायलोबेक अगायांचे हात हवेतच अडखळले. मग सावकाश वळले आणि उघडले. मागच्या बायकांचे उघडले. झोपाळू विद्यार्थ्यांचे उघडले. रांगेमागून रांग, शेतात वारा सरकावा तसे.

सत्तर. ऐंशी. शे-सव्वाशे उघड्या ओंजळी, आणि मंचावर चार गज, कुणाचंच काही खाली येत नव्हतं. मीरगुलने शांतता लिहिली होती, मोजून, पट्टीने रेघ मारून. ही ती नव्हती. ही तिच्याहून पुष्कळ जुनी होती आणि तिला आत घेत होती. तिचे स्वतःचे तळवे केव्हा उघडले तेही तिला कळलं नाही.

शंभर.

उरमातने गज टेकवला. तळव्यावरून लोकर ओढावी तसा एक आवाज आला, इतका बारीक की तो कानांना नव्हे, कातडीला ऐकू आला.

“ओमीन,” काल्बुबू पुटपुटली आणि तिने हात चेहऱ्यावरून खाली ओढले.

साऱ्या सभागृहाने ओढले. शेकडो तळवे, शेकडो गाल. तोच आवाज. चेलो कुठे संपला आणि माणसं कुठे सुरू झाली, ते मीरगुलला त्या वेळी सांगता आलं नाही आणि पुढेही कधी सांगता आलं नाही.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवणावरून उठावं तशी माणसं उठली आणि हळू पावलांनी बाहेर गेली. शायलोबेक अगाय दाराशी तिच्यासमोर थांबले, मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि पुढे गेले.

*

सभागृह रिकामं झाल्यावर मीरगुल नळीवरची दोरी सोडू लागली. काल्बुबू काठी टेकत तिच्याजवळ आली.

“मी हात उघडले तेव्हा संपलं नव्हतं होय गं? तो सुकट पोरगा म्हणाला, अजून होतं.”

“होतं थोडं.”

“मला काय ठाऊक! चौघं हात वर करून थांबलेले. म्हटलं, ह्यांच्यात कुणी मोठं माणूस नाही, बाता सुरू करायला कुणी धजत नाहीय.” तिने मीरगुलच्या हातातला बुरणूस घेतला, बोटांनी चाचपला, उलटून पाहिला. “हा तर तुझ्या बापाच्या खोगिराखालचा.”

मीरगुल दोरीची गुंडाळी करत राहिली.

“कुणाच्या नावानं होतं ते, पोरी?”

गुंडाळी सुटली. मीरगुलने ती पुन्हा सुरू केली. काल्बुबूने बुरणुसाची नीट चौघडी घातली आणि काखेत धरली.

बापाला माती दिली त्या दिवशी मीरगुल इस्तंबूलच्या विमानतळावर होती. बर्फामुळे विमान नऊ तास उशिरा सुटलं; ती गावी पोचली तेव्हा त्याच्या नावानं उघडलेले हात केव्हाच मिटले होते.