स्विचची खंडेनवमी

वसमतच्या एका बँकेत दोन हजार आठ साली मी दोन स्टोरेज स्विच बसवले होते. एक सर्व्हरकडचा, एक डिस्कच्या कपाटाकडचा. मधे दोन काचेच्या तारा, आणि त्या दोन्ही मिळून एकच रुंद रस्ता. त्याला आमच्या धंद्यात ट्रंक म्हणतात. दोन्ही टोकांना सेटिंग सारखं हवं, नाहीतर सगळं ठप्प. एवढ्याशा कामावर मी नांदेडात चारचौघांत मिरवायचो.

त्याच वर्षी खंडेनवमीला सकाळीच मॅनेजर रामकिशनरावांचा फोन आला. एकही खातं उघडत नव्हतं. मी तडक पोचलो. सर्व्हरच्या खोलीत देविदास होता, जवळच्या तांड्यावरचा. कित्येक वर्षं रोजंदारीवर राबत होता आणि दसरा झाला की त्याला कायम करायची ऑर्डर निघणार होती. स्वारी खुशीत होती.

मी लॅपटॉप जोडला. सेटिंगमध्ये या टोकाला ट्रंक चालू, त्या टोकालाही चालू. वेग सारखा, पोर्ट बरोबर. सगळं बरोबर आणि स्विचवरचा जोडणीचा दिवा मात्र लागेना. ट्रंक मोडून पुन्हा बांधली, एकेक पोर्ट बंद करून चालू केलं, स्विचही पुन्हा सुरू केले. बाहेर गिऱ्हाइकं ओरडत होती. मला माझ्याच विद्येचा राग यायला लागला. दुपारपर्यंत फक्त रडायचं बाकी होतं.

शेवटी वैतागून तार उपसली. टोकावर पिवळं.

"हे काय रे?"

"हळद-कुंकू, साहेब," देविदास म्हणाला. "आज हत्यारांची पूजा न्हाई का? समद्या मशिनी पुसल्या. तारांची टोकं ओल्या फडक्यानं पुसली, बोट लावलं अन् जिथल्या तिथं बसवल्या."

"पण तारा काढल्यास काहून?"

"पोळ्याला जू उतरवल्याबिगर बैलाची पूजा करता का तुमी?"

हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी, कळेना. केसाहून बारीक काचेतून उजेड जायचा, तिथं वसमतची अस्सल हळद चिकटलेली. तारा गेल्या, सॉकेटंही गेली. नवा माल नांदेडहून यायला उद्या उजाडणार होतं. कुठलीही कमांड आता उपयोगाची नव्हती.

निदान या येड्याची नोकरी तरी वाचवावी म्हटलं. "तू तोंड उघडू नकोस," मी त्याला दटावलं. "तारा खराब निघाल्या असं मी सांगतो. माल आमचाच आहे."

रामकिशनराव आले. मी सुरुवात केली, "साहेब, या तारा खराब..."

"न्हाई साहेब," देविदासनं हात जोडले. "नवरात्राचा उपास हाय माझा. खोटं ऐकून गप कसा बसू? म्याच काढल्या व्हत्या तारा, पूजेला."

मी कपाळावर हात मारला. मग रामकिशनरावांना तोंडाला येईल ते बोललो. पूजा तुम्हीच करायला सांगितली, नारळ तुम्हीच फोडला, याला तारांचं कधी कुणी शिकवलं होतं का?

"पूजा करा म्हटलं होतं," रामकिशनराव शांतपणे म्हणाले. "तारा काढा म्हटलं नव्हतं." आणि देविदासला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

खोटं काहीच बोलले नव्हते ते. देविदास चपला घालून निघून गेला.

दसऱ्याची सुट्टी असूनही रामकिशनरावांनी बँक उघडली, एसटीनं माल आला. मी बसवला. दोन्ही दिवे हिरवे झाले, ट्रंक आपोआप जुळली. बाहेर आलो तर फाटकाशी देविदास, धुतलेला सदरा घालून. शिपाई त्याला आत सोडत नव्हता.

"जोडलं का, साहेब?"

"जोडलं."

"बरं झालं. लई तकलीफ झाली तुमाला माझ्यापायी." त्यानं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं. "हे मोठ्या साहेबाला द्या," त्यानं आणखी पानं पुढं केली. "दर साली म्याच देतो त्यांना सोनं."

मी आत जाऊन दिलं. देविदासनं दिलंय, हेही सांगितलं. रामकिशनरावांनी पानं कपाळाला लावली, खिशात ठेवली.

"त्या खोलीसाठी ओळखीतला एखादा माणूस असला तर पाठवा," ते म्हणाले. "देवभोळा नको."

"बघतो," मी म्हणालो.