देवघरातली पिन

तुमच्या गावात ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी एक काम करा. त्याच्या पुढं उभं राहून रंग बघू नका, बॉनेटवरचा हारही बघू नका. मागं जा आणि वाका. ट्रॉली जिथं जोडलेली असते तिथं काय अडकवलंय ते बघा. कुठं पहारीचा तुकडा सापडेल, कुठं मोडक्या आसाचा, कुठं नुसता वाकवलेला गज. मालकाला विचारलंत तर तो हसून म्हणेल, "चालतंय की." या दोन शब्दांनी आपल्या मुलखात किती माणसं अधू केली, ते कुणी मोजत नाही. मोजायला बसलं तर आपल्या सगळ्यांनाच मान खाली घालावी लागेल.

अकलूजजवळच्या एका वाडीत जोतीराम नावाचा बागायतदार होता. कालव्याच्या पाण्यावर उसाचा मळा, दारात नवा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली. वाडीतला पहिलाच ट्रॅक्टर, त्यामुळं जोतीरामाची मान जरा ताठ असे. ट्रॅक्टर आला तो खंडेनवमीच्या दिवशी. सोबत आलेल्या कंपनीच्या माणसानं ट्रॅक्टरच्या मागचा हूक दाखवला. हुकाच्या दोन पट्ट्यांत ट्रॉलीच्या दांडीचं कडं बसतं आणि वरून जाड पोलादी पिन आरपार घालायची. पिनीच्या खालच्या टोकाला क्लिप लावायची, म्हणजे ती उडत नाही. भोकात ग्रीस भरत राहायचं. जोतीरामानं सगळं ऐकलं, मान डोलावली, त्या माणसाला जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

मग जोतीरामाच्या आईनं, मथुराबाईनं, ती पिन हातात घेतली. जड, चकचकीत, वर मूठ असलेली.

"ही तर गाडीची लक्षुमी," ती म्हणाली. "हिच्याबिगर ट्रॉली हालत न्हाय. हिला कशाला धुरळ्यात झिजवायची?"

तिच्या माहेरी नव्या नांगराचा फाळ पहिल्या दिवशी देवापुढं ठेवायची रीत होती. पण दुसऱ्या दिवशी तो फाळ रानात जायचा. इथं मात्र पिन दुधानं धुतली, कुंकू लावलं, देवघरात टाकांच्या शेजारी बसवली, आणि ती तिथंच राहिली. जोतीरामालाही बरंच वाटलं. भारी वस्तू, हरवली तर शोधत कोण बसणार? त्यानं ईरप्पा लोहाराकडून पहारीचा तुकडा तोडून आणला आणि हुकात घातला. तुकडा भोकापेक्षा बारीक होता. त्याला वर मूठ नव्हती, खाली क्लिप नव्हती. देवाला पोलाद आणि कामाला भंगार, असा तो न्याय.

बारीक पिन मोठ्या भोकात गेली की काय होतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. भरलेली ट्रॉली दर खड्ड्याला मागं-पुढं हिसका देते आणि पिन भोकाच्या कडेवर आपटते. गोल भोक हळूहळू लांबट झालं. ग्रीस तर कधी लागलंच नाही. दुसऱ्या हंगामापर्यंत जोतीरामाचा ट्रॅक्टर आवाजावरून ओळखू यायला लागला. खडाक, खडाक. बायका चुलीपुढून म्हणायच्या, "आला बघा मालकाचा टॅक्टर." साऱ्या वाडीला तो आवाज ऐकू येत होता. तो लोखंड झिजल्याचा आवाज आहे हे कळणारीही माणसं त्यात होती. बोललं कोण? एकटा धर्मपाल.

धर्मपाल त्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. वाडीच्या कडेला बौद्ध वस्तीत राहायचा. बाप नागनाथ आणि बायको चांगुणा जोतीरामाच्याच उसावर तोडणीला.

"मालक, भोक लई ढिल्लं झालंय," तो म्हणाला. "चढावर पिन वर येती. आसली पिन काढा की भाईर."

"ती देवाची हाय."

"मग दुसरी आणा. भोक भरून घ्या."

"हंगाम झाल्यावर बघू. पिन वर येती ना? मग एक माणूस बसवू तिच्यावर पाय ठेवून."

हे जोतीरामानं चेष्टेत म्हटलं नव्हतं. त्यानं खरंच माणूस बसवला. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर बसायचं, एका हातानं ट्रॉलीची फळी धरायची आणि टाचेनं पिन दाबून ठेवायची. बोटाएवढ्या क्लिपच्या जागी एक जिवंत माणूस! आणि वाडीला यात काही वावगं दिसलं नाही. उलट म्हाताऱ्याला बसून काम मिळालं, असं लोक म्हणाले. तो म्हातारा म्हणजे नागनाथ. पुढं मुलगा स्टिअरिंगवर, मागं बाप पिनीवर. धर्मपालनं एकदा गाडी सोडतो म्हणून सांगितलं, तर जोतीराम म्हणाला, "सोड की. तुझ्या बापालाबी घिऊन जा, बायकोलाबी." भर हंगामात तिघांचं काम जाणार म्हणून तो गप्प बसला. त्याला दोष द्यायचा तर द्या, पण आधी त्याच्या जागी स्वतःला उभं करा.

एके दिवशी दुपार कलताना भरलेली ट्रॉली कालव्याच्या पुलावर चढत होती. पुलाच्या तोंडाशी उंचवटा होता. हिसका बसला, पहारीचा तुकडा नागनाथच्या टाचेखालून वर उडाला आणि दांडी सुटली. ती खाली आपटली ती नागनाथच्या पायावर. ट्रॉली उतारानं मागं सरकली, तिनं त्यालाही ओढत नेलं आणि कठड्याला टेकून थांबली. उसाच्या मोळ्या कालव्यात पडल्या. धर्मपाल उडी मारून धावला, तेव्हा बाप शुद्धीवर होता आणि पायाकडं बघत नव्हता.

त्याला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापला. दुसरा उपाय नव्हता.

आता ऐका, दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीरामाच्या दारात काय चाललं होतं ते. ट्रॉली पुन्हा भरलेली. तोच पहारीचा तुकडा ठोकून सरळ केलेला, त्याच भोकात घातलेला. हुकाला नवं लिंबू आणि मिरच्या. आणि दांडीवर, पिनीवर पाय ठेवून, कोंडीबा नावाचा दुसरा गडी. जोतीराम स्वतः चालवायला बसला होता. ओट्यावर मथुराबाई हातात हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभी.

चांगुणा आली आणि ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिली. तिचा नवरा सासऱ्याजवळ सोलापुरात होता. ती रडत नव्हती.

"मालक, ह्यो कशापायी बसलाय?"

"पिन उडू नये म्हणून. सर बाजूला."

"काल उडली तवा मामंजी कुटं हुते?"

"नागनाथचं ध्यान नसंल. पाय हलला आसंल त्येचा."

पाय गेला त्याचा, आणि चूकही त्याचीच! आपल्याकडं नेहमी असंच होतं. छत कोसळलं तर खाली झोपणाऱ्याची चूक, विहिरीला कठडा नसला तर पडणाऱ्याची.

"मंजी चूक मामंजींची," चांगुणा म्हणाली.

"कुणाचीच न्हाय. येळ वाईट हुती, नजर लागली गाडीला. आयेनं लिंबू उतरवलंय आज."

चांगुणा मागच्या बाजूला गेली. कोंडीबाचा पाय तिनं हातानं बाजूला केला आणि पिनीच्या शेजारच्या फटीत आपली दोन बोटं घातली. ती सहज आत गेली.

"हितं या मालक, बघा. दोन बोटं जात्यात. नजर लागल्यानं लोकंड झिजतंय व्हय? तुमच्या डायव्हरनं तुमाला सांगितलं हुतं. कंपनीच्या माणसानं बी सांगितलं हुतं. तुमाला ठावं न्हाय आसं काय हाय ह्यात?"

"ऊस वाळतोय तिकडं. गाडी उभी ठेवू?"

"चालवा की. पर पाय तुमचा ठेवा. गाडी तुमची, ऊस तुमचा, पाय बी तुमचाच आसू द्या. कोंडीबाला चालवता येतंय."

भोवती माणसं जमली होती. बाईमाणसानं चारचौघांत असं म्हणावं, आणि तेही चांगुणानं! जोतीरामाचं डोकं फिरलं. तो तावातावानं खाली उतरला, कोंडीबाला दांडीवरून उठवून पुढं धाडलं आणि स्वतः दांडीवर बसला. "काय व्हतंय बघूच," म्हणत त्यानं पिनीवर टाच रोवली. कोंडीबानं भीतभीत इंजिन चालू केलं. ट्रॅक्टर थरथरला आणि जोतीरामाच्या टाचेखाली पिन नाचायला लागली.

"उतर!" ओट्यावरून मथुराबाई ओरडली. "आदी खाली उतर! माजा ल्योक तितं बसायचा न्हाय!"

कोंडीबानं इंजिन बंद केलं. मथुराबाईच्या हातातली वाटी खाली पडून कुंकू सांडलं होतं.

चांगुणाचा आवाज आता खाली आला. "आक्का, मामंजींची आय जित्ती आसती तर तीबी हेच बोलली आसती."

मथुराबाई तिच्याकडं बघत राहिली. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला आत्ता ऐकू आलं असावं. ल्योक फक्त तिलाच होता असं थोडंच आहे!

"लक्षुमी झिजू नये म्हणून जपली गं मी," ती पुटपुटली.

"पिन झिजायसाठीच आसती, आक्का. ती झिजली तर दुसरी घेता येती. तुमी ती जपली आन् तिच्या जागी माणूस घातला. सांगा बरं, ह्यात लक्षुमी कशी ऱ्हाईल?"

मथुराबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुंकवानं माखलेली पिन होती. आजवर चांगुणाला जे काही दिलं ते तिनं ओट्याच्या कडेला ठेवून दिलं होतं, हातात कधीच नाही. या रीतीबद्दलही वाडीत कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी ती तीन पायऱ्या उतरली आणि पिन चांगुणाच्या हातात दिली. उशीर झाला होता, फार उशीर झाला होता, पण दिली.

जोतीरामानं पिन घेऊन हुकात घातली. त्याला वाटलं, झालं. पण भोकच एवढं फाकलं होतं की त्यात अस्सल पिनसुद्धा डुगडुगली. त्यानं उकिडवं बसून ती हातानं हलवून बघितली. मग त्यानं ट्रॉली रिकामी करायला सांगितली, हूक खोलला, पिनीसकट पोत्यात गुंडाळला आणि सोलापूरची एस.टी. धरली.

भवानी पेठेत गुरुबसप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. विणकरांचे माग दुरुस्त करणारा हा माणूस, अलीकडं ट्रॅक्टरचीही कामं घ्यायचा. हूक हातात घेऊन तो भडकलाच.

"काय वो मालक, हे भोक हाय का गुहा? पिन बारीक घातली की दर धक्क्याला हातोडा बसतोय आत. भोकाला नेमकी बसंल अशीच पिन घ्यायची, लटलट नको, ठोकून बी घालायची नको. पहारीचं लोकंड मऊ, ते वाकतंय. वर मूठ, खाली क्लिप, आन् ग्रीस. भोक लांबट दिसलं की त्याच दिवशी काम काढायचं. मी वरची पट्टी नवी लावून आत पोलादी बुश, म्हंजे नळीवाणी कडं, घालून देतो. बुश झिजलं तर बुश बदला, हूक वाचतोय. हूक वाचला तर माणूस वाचतोय."

"मला सांगितलं हुतं हे," जोतीराम म्हणाला.

"मग?"

जोतीरामानं पोत्यातनं पिन काढून त्याच्यापुढं ठेवली.

काम होईपर्यंत थांबायचं होतं. पिन गुरुबसप्पाकडं मापाला ठेवून, हुकाची कापून काढलेली झिजकी वरची पट्टी पिशवीत घालून तो दवाखान्यात गेला. ती पट्टी घेऊन आपण का निघालो ते त्यालाही सांगता आलं नसतं. नागनाथ खाटेवर पडला होता, पायथ्याशी धर्मपाल. जोतीरामाला बघून धर्मपाल उठला नाही. एरवी उठला असता.

"नागनाथदादा," जोतीराम म्हणाला. आजवर तो त्याला नुसतं नागनाथ म्हणत आला होता, वयानं एवढा मोठा असून. त्यानं पट्टी काढून खाटेवर ठेवली.

नागनाथनं ती उचलली. झिजलेल्या भोकात बोट घालून कडेकडेनं फिरवलं.

"ह्यातनं गेला व्हय माजा पाय," तो म्हणाला.

"माजी चूक झाली."

"व्हय, झाली." नागनाथनं पट्टी परत दिली. "माजं सोडा. पाय काय आता येत न्हाय. माजा ल्योक त्या गाडीवर बसतोय. त्येच्या मागं ढिल्लं कायबी ठेवू नका. आन् त्या दांडीवर परत कुणाला बसवू नका."

जोतीराम तिथंच, सगळ्या वॉर्डासमोर, रडला. नागनाथनं त्याला गप्प बस म्हटलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. का ठेवावा?

पुढची खंडेनवमी आली. ट्रॅक्टर धुतला, हार घातला. मथुराबाई ताट घेऊन ट्रॅक्टरच्या मागं गेली, सावकाश वाकली आणि हुकात बसलेल्या पिनीला तिथंच कुंकू लावलं. ग्रीसनं कुंकू काळं झालं, तिची बोटंही काळी झाली. देवघरात टाकांच्या शेजारची जागा रिकामीच होती. कुबडी घेऊन नागनाथ आला होता. ट्रॉली वाडीबाहेर पडायच्या आधी तो रोज येतो, खाली बसतो आणि क्लिप ओढून बघतो. तोवर जोतीराम गाडी हलू देत नाही.

बंधुभगिनींनो, लोखंड झिजणारच. झिजलेलं लोखंड ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी बदला, आणि त्याची झीज माणसाच्या हाडामासावर ढकलू नका. "चालतंय की" असं तोंडात आलं तर आधी तिथं आपलं लेकरू बसवून बघा. नाही बसवणार ना? मग दुसऱ्याचंही बसवू नका.