रामकिशनचा अंगठा

साजीदची बडतर्फी कोर्टानं रद्द केली, तेव्हा त्याच्या बायकोनं, अफसानानं, गल्लीत पेढे वाटले. आता साडेचार वर्षांचा मागचा पगार मिळायचा होता. त्यासाठी ऑफिसला दोन प्रतिज्ञापत्रं हवी होती, एक साजीदचं आणि एक साक्षीदाराचं. त्या काळात साजीदनं कुठंच कमाई केली नाही, असं.

मसुदे अफसानानंच लिहिले. घरात बी.ए. झालेली तीच. लेक मुन्नीची शाळा, थकलेलं भाडं डोळ्यापुढं आणून तिनं लिहिलं, 'साजीद हे पूर्ण काळ बेकार होते.' खरं तर ती वर्षं त्यानं हिंगोलीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हळदीची पोती वाहिली होती.

साक्षीला तिनं रामकिशनला बोलावलं. त्यानंच साजीदला हमालांच्या टोळीत घेतलेलं. पण दिवसाची मजुरी बुडवून दुसरं कोण येणार? आणि त्याला वाचता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

कचेरीबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी तिनं त्याला कागद वाचून दाखवला. ती ओळ आली तशी तिची नजर पुढच्या ओळीवर गेली. साजीद चपलेकडं बघत राहिला.

"बराबर हाय," म्हणत रामकिशननं अंगठा उठवला. शाईच्या कडेला हळदीचा पिवळा डाग उमटला.

"पर भाभी, हमालीचं काहून न्हाई लिवलं?"

"अं?"

"लिवा की! साहेबाला कळू द्या, त्यांचा बाबू पोती उचलून राहिला व्हता. पयल्या दिशी पोत्यासकट आडवा झाला, येडं! पर दुसऱ्या दिशी पुन्ना आला."

अफसानाचे कान तापले.

"राहिलं, भाऊ," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "राहिलं नाही. ती ओळ मी वाचलीच नाही. हे घरी बसून होते, असं लिहिलंय."

रामकिशननं अंगठ्याकडं पाहिलं.

"मंग माजा अंगठा खोट्यावर उठला व्हय?"

त्यानं अंगठा धोतराला पुसला. शाई गेली नाही.

"दोन्ही कागद नवे टाईप करा," अफसाना टायपिस्टला म्हणाली. "हमाली लिहा."

"तेवढी कमाई मागच्या पगारातून कापतील, बाई."

तिनं साजीदकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली.

"कापू द्या."

नवा कागद निघाला. वाचायला तिनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या भाभी," रामकिशन म्हणाला, आणि कागद टायपिस्टपुढं सरकवला. "ह्यायला वाचू द्या."