कागदासाठीचे नियम

करडा. अक्षरांचा हा रंग पांढऱ्याच्या इतका जवळचा, की दोघांत भांडण लावायलाही जागा नाही.

फोटोत बाकावर पाठमोरी बसलेली दोन म्हातारी माणसं. त्याचा हात तिच्या खांद्यावर.

तिच्या मामांचा डावा गुडघा जिन्यावर कटकन वाजतो. खालच्या मजल्यावरचं कुत्रं तेवढ्यावरून त्यांना ओळखतं.

"वाक्य आहे, पण दिसायला नको," सर म्हणाले होते.

स्क्रीनच्या कडेला पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह.

त्या त्रिकोणावर तिने तिसऱ्यांदा क्लिक केलं. तो गेला नाही.

"हा त्रिकोण कसला?" सरांनी मागून विचारलं.

"अक्षरांचा रंग आणि मागचा रंग फार जवळ आलेत म्हणतोय. वाचता येणार नाही."

"मग बरोबर आहे की."

तिने मान वळवली नाही. वळवली असती तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं, याचा तिचा तिलाच भरवसा नव्हता.

वेबसाइटच्या पानावर काय लिहायचं ते एका फायलीत असतं. ते कसं दिसायचं ते दुसऱ्या फायलीत, स्टाइलशीटमध्ये. ऑफिसातले बाकीचे ही दुसरी फाइल उघडायच्या भानगडीत पडत नसत. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तर माउसने चौकोन इकडून तिकडे सरकवून पानं बांधायचा, म्हणून त्याचं नाव ढकल्या. ती मात्र स्टाइलशीटसाठी वेगळा एडिटर वापरायची. डावीकडे नियम, उजवीकडे पान. डावीकडे आकडा बदलला की उजवीकडे अक्षर तिथल्या तिथे हलायचं. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, तिच्यावर कोणाकोणाचा हुकूम चालतो ते एडिटर सांगायचा. दोन नियमांत जुंपली, तर बरोबरीच्या भांडणात शेवटी बोलणाऱ्याचं खरं. घरासारखंच.

आणि या एडिटरला खोटं बोलता येत नसे. त्याचाच सरांना त्रास होत होता.

साइट होती एका वृद्धाश्रमाची. तो शब्द साइटवर दिसता कामा नये, ही तिथल्या संचालक बाईंची पहिली अट. मोठ्या मथळ्यात लिहायचं होतं, 'उतारवयातही, सोबतीने'. खाली बाकावरचं जोडपं. हे सगळं तिने गेले काही महिने मन लावून केलं होतं. अक्षरं मोठी, ओळींत मोकळी जागा, थकलेल्या डोळ्यांना सुखावेल असा हिरवा. आणि बुधवारी, सगळं झाल्यावर, बाईंनी करारनाम्याच्या पानावर टाकायला एक वाक्य पाठवलं: 'जागेच्या उपलब्धतेनुसार पती-पत्नीची व्यवस्था वेगवेगळ्या शाखांत केली जाईल, सही झाल्यावर याबाबत हरकत घेता येणार नाही.'

"सर, यात सोबत कुठे राहिली?"

"ते आपलं काम नाही. कायद्याने वाक्य पानावर असायला हवं, ते आहे. आपण कुठे खोटं बोलतोय?"

"मग दिसू दे ना."

"दिसलं तर कोण येईल तिथे?" सर हसले. कप तिच्या टेबलावर ठेवला, ओल्या बुडाचा. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, पण भांडं डोक्यावर घेऊनही नाचायचं नसतं. काय?"

ढकल्या खुर्चीतल्या खुर्चीत पुटपुटला, "आणि भांड्यात ताक नसेल तर?"

"तू तुझे चौकोन ढकल."

तिने टाइप केलं.

.टीप
रंग: करडा, पांढऱ्याच्या शेजारचा
आकार: दहा
जागा: पानाच्या तळाशी

तळपायाची आग मस्तकात गेली की माणसाची बोटं थरथरतात म्हणे. तिची थरथरली नाहीत. ती अगदी सरावाने चालली, आणि याचाच तिला जास्त राग आला.

गुरुवारी संध्याकाळी साइट सुरू झाली. सरांनी सगळ्यांना पेस्ट्री दिली. तिची टेबलावरच राहिली.

रविवारी ती मामांकडे गेली. आई गेल्यावर ती याच घरात वाढली होती. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि मामांचा गुडघा आता जिन्याला दाद देईना. काही महिन्यांपूर्वी तिनेच उत्साहाने दोघांना ती अर्धवट साइट दाखवली होती. तेव्हापासून मामांच्या डोक्यात ते बाकावरचं जोडपं बसलं होतं. आमच्या ठमीने केलंय म्हणजे बघायला नको, असं ते मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून आले होते.

चप्पल काढायच्या आधीच ती म्हणाली, "मामा, त्या आश्रमाच्या करारावर सही करू नका."

मामा गुडघ्याला पट्टा बांधत होते. पट्ट्यावरचा हात तिथेच थांबला.

"का गं ठमे? काय झालं?"

तिने फोनवर पान उघडलं, तळाशी नेलं, दोन बोटांनी मोठं केलं.

"कुठंय?"

"हे काय, इथे."

"हा तर काचेवरचा डाग आहे." मामांनी अंगठ्याने काच पुसली. डाग गेला नाही.

शेवटी तिने वाक्य वाचून दाखवलं. सवयीच्या स्वच्छ आवाजात सुरुवात केली. 'वेगवेगळ्या शाखांत' हे दोन शब्द तिने पुन्हा वाचले. मामींनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे तू केलंस?"

"मी म्हणजे... सरांनी सांगितलं, मामी."

"तोंड सरांचं. हात कोणाचा?"

ती बसली. मामा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत त्यांनी विचारलं, "या शाखा लांब लांब आहेत का गं एकमेकींपासून?"

"एक शहराच्या या टोकाला, दुसरी त्या."

"बसने किती वेळ लागेल?"

"मामा!" ती उखडलीच. "बसचं काय घेऊन बसलात? जायचंच नाहीये तिथे. सांगा ना, नाही ना सही करणार?"

मामांनी पट्टा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला.

"आमचं सोड," मामी म्हणाल्या. "बाकीच्यांचं काय? त्यांच्या भाच्या काय सगळ्या कॉम्प्युटरपुढे बसल्यात? येऊन सांगायला?"

"अगं, पोर दमलीय," मामा म्हणाले.

"दमू दे. सरकारला, देवाला, आपल्याला, सगळ्यांना सांगून दमली पाहिजे ती."

मामी इतक्या मोठ्याने कधी बोलत नसत. तिला वाटलं, राग आपल्यावर आहे. होताच. आणि तो आपण कमावला आहे असंही तिला वाटलं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसला पोचली.

एडिटरमध्ये उजव्या भागावर तीन कप्पे असत: पडदा, मोबाइल, कागद. पहिले दोन सर रोज तपासत. तिसरा, पान छापलं तर कसं दिसेल तो, कोणी उघडतच नसे. 'आता कोण प्रिंट काढतंय?' हे सरांचं आवडतं वाक्य. पण करारनाम्याचं पान छापल्याशिवाय पुढे सरकतच नव्हतं. बाईंना सही शाईतच हवी होती. म्हणजे तिथे येणारा प्रत्येक म्हातारा, प्रत्येक म्हातारी ते पान कुठूनतरी छापून आणणार, चष्मा शोधणार, आणि सहीची जागा बघणार.

तिने 'कागद' उघडला. नियमांची जागा कोरी होती.

कागदावर:
बाकावरचा फोटो: नको
मथळा: नको
.टीप
रंग: काळा
आकार: सोळा
वजन: ठळक
चौकट: चारी बाजूंनी
जागा: सहीच्या लगेच वर

उजवीकडे पान हललं. ते वाक्य तळातून उठलं, काळंभोर झालं, आणि सहीच्या रेघेच्या डोक्यावर जाऊन उभं राहिलं. पिवळा त्रिकोण नाहीसा झाला. तिने 'पडदा' उघडून बघितलं. तिथे सगळं पहिल्यासारखंच होतं, करडं, गुळगुळीत, सरांना हवं तसं. तिने फाइल साइटवर चढवली.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला. न लावता चाललं असतं, आवाज तसाही खोलीभर होता.

"काय करून ठेवलंय तुम्ही? लोक चौकट चौकट म्हणतायत! नवरा-बायकोला वेगळं ठेवणार का म्हणून भांडतायत! सह्या केलेले कागद यायचे बंद झाले. साइट सुरू झाल्या झाल्या एक आला होता, जोडप्याचा, तेवढाच."

"बघतो मॅडम, लगेच बघतो."

सरांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघितलं. फोनवर बघितलं. दुसऱ्याचा फोन मागून त्यावर बघितलं. मग तिच्या टेबलाशी आले.

"तुझा तो एडिटर उघड. कुठे आहे चौकट?"

तिने पान उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. करडी ओळ. त्रिकोण.

"तुम्ही सांगितलं तसंच आहे, सर. त्रिकोणासकट."

सर वाकले. नाक काचेला टेकेल इतके वाकले. मागे ढकल्या उभा होता. त्याची नजर एकदा त्या तिसऱ्या कप्प्यावर गेली, एकदा तिच्यावर.

"म्हाताऱ्या माणसांना काहीही दिसतं, सर," तो म्हणाला. "माझ्या आजीला तर भिंतीवर मुंग्या दिसतात."

"तेच." सर ताठ झाले. "तेच सांगतो बाईंना."

ते फोनकडे गेले. ढकल्या शिटी वाजवत आपल्या चौकोनांकडे वळला. तिने स्क्रीन जागेवर फिरवली. एकच, ती मनाशी म्हणाली. सगळ्यांत मिळून एकच जोडपं आपल्या हातून निसटलं.

ती मामांकडे गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मामा-मामींनी करारावर सह्या करून तो पाठवून दिला होता.