आवडतं ठिकाण

अंजनाचा आवाज पोपटरावांना आठवेनासा झाला होता.

ती काय बोलायची ते सगळं आठवत होतं. गॅस बंद केला का, चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नका, शितलला फोन लावा. पण हे ती कुठल्या आवाजात म्हणायची, ते काही केल्या कानात येत नव्हतं. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. माणसाचा आवाज इतक्या लवकर जातो असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

आवाज कुठं जपून ठेवलेलाही नव्हता. अंजनाकडं साधा बटणांचा फोन. घरात लेकीच्या, शितलच्या लग्नाची सीडी होती आणि त्यात अंजना कुणाला तरी काहीतरी सांगताना दिसायची, पण शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सनई चढवलेली. ओठ तिचे हलायचे आणि ऐकू सनई यायची. पोपटरावांनी ती सीडी दोनदा लावली आणि मग कपाटात टाकून दिली.

त्या दिवशी शेवंतीची तोडणी उरकल्यावर ते मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसले आणि बँकेला फोन लावला. खात्याला वारस म्हणून अंजनाचं नाव होतं, ते बदलून शितलचं लावायचं होतं. शितल बरेच दिवस मागं लागली होती. काय कागद लागतील तेवढं विचारून घ्यावं, असा त्यांचा विचार.

"सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाईल," फोनमधली यंत्राची बाई म्हणाली.

हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं होतं. बँकेचे फोन अंजनाच करायची. अंगणात खाट टाकून, फोन स्पीकरवर लावून. "बोला, मी पोपटराव. पुढचं बायकोसंगं बोला," एवढं म्हणून पोपटराव आपल्या कामाला जायचे. आज ते वाक्य त्यांनी पहिल्यांदा नीट ऐकलं. रेकॉर्ड केला जाईल. म्हणजे अंजना बँकेशी जे जे बोलली, ते सगळं तिथं असणार.

वारसाचं डोक्यातून पार निघून गेलं.

"नमस्कार सर," एक पोरगा लाइनवर आला. "पडताळणीसाठी आपली जन्मतारीख सांगाल?"

"एक जून."

"बरोबर. आईचं नाव?"

"ताईबाई."

"बरोबर. आता तुमचा सुरक्षा प्रश्न. तुमचं आवडतं ठिकाण कोणतं?"

"ही काय विचारायची गोष्ट झाली का? आपला मळा."

"नाही सर. सिस्टीममध्ये वेगळं उत्तर आहे."

"माझं आवडतं ठिकाण मला म्हाईत का तुमच्या सिस्टीमला?"

पोरगा हसू दाबत म्हणाला, "सर, तुम्हीच दिलेलं उत्तर आहे. आठवून बघा. अजून दोन वेळा सांगता येईल."

मग पोपटरावांना उमगलं. हे उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं. अंजनानं दिलं होतं. आता तिनं काय सांगितलं असेल? देवाचं काहीतरी असणार.

"जेजुरी."

"नाही सर."

"मग येमाईचं देऊळ लिहा. आमच्या कवठ्याचं."

"सॉरी सर. तीन वेळा उत्तर चुकलं, त्यामुळं आज फोनवर पडताळणी होणार नाही. उद्या करा, नाहीतर ओळखपत्र घेऊन शाखेत जा."

"आरं पण मला फक्त एक विचारायचंय..."

"पडताळणीशिवाय मी काहीच बोलू शकत नाही सर. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोपटराव शिरूरला शाखेत गेले. आधार कार्ड दाखवलं, सह्या केल्या आणि वारसाचं काम बघता बघता झालं. मग त्यांनी आवाज खाली करून रेकॉर्डिंगचं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली.

"फोनवरचं ना काका? ते आमच्याकडं नसतं. ते कॉल सेंटरचं. त्यांनाच फोन करावा लागेल."

"ते मला ओळखत न्हाईत."

"प्रश्नाचं उत्तर द्यायचं की."

"उत्तर बायकोला म्हाईत व्हतं," पोपटराव म्हणाले, आणि बाई पुढं काही बोलायच्या आत बाहेर पडले.

स्टँडवर दौंडची गाडी लागलेली होती. ते तीत चढले. अंजनानं मनातलं कुणाला सांगितलं असेल तर ते दौंडला दिलेल्या लेकीलाच. न्हावऱ्याच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, गाडी रखडत चालली होती. पोपटराव खिडकीशी बसून एकेक गाव आठवत होते. आळंदी? अंजनाचं माहेर केंदूर? उद्याही तीनच संधी मिळणार. त्या घालवल्या, की मग काय?

शितल घरी एकटीच होती. जावई ईश्वरराव ड्युटीवर. वडील असे न सांगता आले म्हणून ती आधी घाबरली. काम काय ते कळल्यावर, रेकॉर्डिंगचं ऐकून तिचे डोळे भरले. आणि मग तिन्ही उत्तरं चुकल्याचं ऐकून ती हसायला लागली.

"म्हंजी आबा, तुम्हाला काय आवडतं ते तुम्हालाच म्हाईत न्हाई!"

"हसतीस काय. तुझ्या आईनं काय लिवून ठिवलंय ते सांग."

"आईनं मला असलं काही सांगितलं न्हाई." शितलनं चहा गाळला, कप पुढं ठेवला. मग तिचा हात थांबला. "आबा, दौंड म्हणून बघा."

"दौंड? हिथं काय हाय? धूळ, न्हाईतर मालगाड्या."

"त्याच की. मालगाड्या."

पोपटरावांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्ही दोघं हिकडं आलात की जेवण झाल्यावर तुम्ही तंबाखू आणायला जायचा," शितल म्हणाली. "टपरी कोपऱ्यावर, आन् तुम्ही दुपार काढून यायचा. ह्यांनी एकदा तुम्हाला स्टेशनच्या पुलावर बघितलं. हाक मारणार व्हते, पण तुम्ही असे रंगून बघत व्हता की न्हाई मारली. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणली, मला म्हाईत हाय. लग्न झाल्यापासून म्हाईत हाय. त्यांना रेल्वेत जायचं व्हतं, ते जमलं न्हाई. तुम्ही कुणी काही बोलू नका त्यांना."

पोपटरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रेल्वेच्या खलाशी, म्हणजे मदतनीस कामगारांच्या भरतीला ते लग्नाआधी दौंडला येऊन गेले होते, रांगेतून परत फिरले होते, आणि त्याचा शब्दही त्यांनी घरात कधी काढला नव्हता. अंजनाला कुणी सांगितलं असेल? त्यांच्या आईनं? का तिनं नुसतं बघून ओळखलं?

"मला का न्हाई बोलली कवा?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?" शितल म्हणाली.

रात्र त्यांनी लेकीकडंच काढली. सकाळी नाष्टा झाला, तसं त्यांनी टोपी घातली, फोन खिशात टाकला.

"कुठं निघालात?"

"तंबा..." एवढं बोलून पोपटराव थांबले. शितल कमरेवर हात ठेवून बघत होती. "पुलावर," ते म्हणाले.

पुलावर उभं राहून त्यांनी फोन लावला. खाली एक मालगाडी उभी होती आणि तिचं इंजिन सोडायचं काम चाललं होतं. रेकॉर्डचं वाक्य येऊन गेलं, मग एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार, मी हर्षदा बोलतेय. सर, मागं खूप आवाज येतोय."

"स्टेशनवर हाय मी. तुम्ही विचारा, मला ऐकू येतंय."

जन्मतारीख झाली. आईचं नाव झालं.

"तुमचं आवडतं ठिकाण?"

"दौंड," ते म्हणाले.

पलीकडं बटणं वाजली.

"धन्यवाद सर, पडताळणी पूर्ण झाली. बोला, काय मदत करू?"

पोपटरावांनी कठड्याला धरून सगळं सांगितलं. बायको गेली. बँकेशी तीच बोलायची. तुम्ही फोन रेकॉर्ड करता. त्यातला एक तरी ऐकायला मिळेल का, कुठलाही चालेल, शिल्लक विचारलेली असली तरी चालेल.



"सर, मी खोटी आशा दाखवणार नाही," हर्षदा म्हणाली. तिचा पाठ केलेला सूर आता गेला होता. "रेकॉर्डिंग मला इथं दिसत नाही. ते वेगळ्या विभागाकडं असतं, काही काळच ठेवतात, आणि ग्राहकाला देता येतं की नाही तेही मला माहीत नाही. पण विनंती नोंदवता येते. नोंदवू?"

"नोंदवा."

"कारण काय लिहू?"

"लिहा की, आवाज ऐकायचाय."

"तेवढंच लिहिते," हर्षदा म्हणाली. "आणि सर, परवा तीन वेळा उत्तर चुकलं होतं, म्हणून सिस्टीम विचारतेय. सुरक्षा प्रश्न बदलून देऊ का? सोपा एखादा?"

"नको. उत्तर बरोबर हाय. चुकत मीच व्हतो."

ती हसली. काळजी घ्या म्हणाली, आणि फोन बंद झाला.

खाली मालगाडीचं इंजिन सुटून पुढं गेलं होतं. एक माणूस हातात हिरवी झेंडी घेऊन रुळांमधून चालत होता. पोपटराव नेहमीसारखे बघत राहिले. फरक एवढाच, की आज कोपऱ्यावरून कुणी येतंय का म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं नाही. अंजनाला माहीत होतं. इतकी वर्षं ते इथं चोरून उभे राहत होते, आणि ती तिकडं लेकीच्या दारात बसून वाट बघत होती. आपण परत गेलो की ती काय करायची? गव्हातले खडे वेचत असायची. मान वर करायची. आणि म्हणायची,

"मिळाला का तंबाखू?"

तो साधा प्रश्न आहे असंच त्यांनी कायम धरलं होतं. "मिळाला" म्हणायचे आणि आत जायचे. आता त्यांना कळलं की ती थट्टा करत होती. "मिळाला" थोडं लांबवून, "तंबाखू"वर सूर चढवून, हसू दातामागं धरून. जरासा घोगरा, सर्दी झाल्यासारखा तिचा तो आवाज. तो कानात आला. नुसते शब्द नाहीत, आवाज. सगळा.

त्यांनी श्वास रोखून धरला, जणू जरा हललं तरी तो आवाज जाईल. गेला नाही. खालून डबे एकमेकांवर आदळले, इंजिनानं शिट्टी दिली, तरी गेला नाही.

"मिळाला," पोपटराव मोठ्यानं म्हणाले.

शेजारून पिशव्या घेऊन चाललेल्या बाईनं चमकून बघितलं. त्यांनी तिच्याकडं बघून मान हलवली, आणि शितलला फोन लावला. तिला सांगायचं होतं की आई कशी बोलायची ते त्यांना आठवलंय, आणि रेकॉर्डिंग मिळेल तेव्हा मिळेल, पण तू आधी इकडं ये, पुलावर.