बंद करू नये

रविवारी सकाळपासून शमिकाने तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा निम्मा ओतून दिला. संध्याकाळी साडेपाचला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिच्या वडिलांसाठी, नरहर पाचपोरांसाठी, छोटी श्रद्धांजली सभा होती. भाषणं दोनच. मग नरहररावांनी घरी रेकॉर्ड केलेली गिटार लावायची, असं त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या अरविंदकाकांनी ठरवलं होतं. चारपर्यंत फाइल पाठव, म्हणाले होते.

फाइल होती. अडचण एवढीच, की वाजवताना बाबा जे ऐकत होते ते त्या फाइलमध्ये नव्हतं.

वीज खात्याच्या मीटर तपासणीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी शहराच्या टोकाला, मिसरोदमधल्या या घराच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका छोट्या डबीत जायची आणि तिथून तिला दोन वाटा फुटायच्या. एक थेट कॉम्प्युटरकडे. त्या वाटेने तारांचा कोरडा आवाज जायचा, जसा असेल तसा. दुसरी वाट इफेक्ट्सच्या मशीनमधून बाबांच्या हेडफोनकडे. तिथे तोच आवाज घुमायचा, त्याच्यामागून त्याचेच पडसाद यायचे. वाजवताना हे घुमणारं ऐकायचं, पण रेकॉर्ड कोरडंच करायचं. "एकदा घुमवून रेकॉर्ड केलं की ते पुसता येत नाही," बाबा सांगायचे. "साधं ठेवलं की नंतर हवं ते करता येतं."

ते नंतरचं राहून गेलं.

फाइली चोवीस होत्या. 'नाही १' पासून 'नाही २३' पर्यंत, आणि शेवटची 'बहुधा'. ती बाबांना दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशीची.

आवाज कसा घुमवायचा, पडसाद किती वेळाने आणि किती वेळा यायचे, हे मशीनवर बसवायला बाबांनी सात महिने घालवले होते. ते त्यांनी सेव्ह मात्र केलं नव्हतं. पूर्ण जमल्याशिवाय करणार नव्हते. सेव्ह न करता मशीन बंद केलं तर सगळं पुसलं जाणार, म्हणून ते बंदच करायचं नाही. त्यांनी ते इन्व्हर्टरवर जोडलं आणि भिंतीवरच्या बटणाशेजारी चिठ्ठी डकवली: 'बंद करू नये. न. पा.' घरातल्या चिठ्ठीवरची ही सही पाहून आईला हसू यायचं.

बाबांना नेलं त्या दिवशी शमिका पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली होती. अ‍ॅम्ब्युलन्स फाटकात उभी, आणि आई पायरीवरून ओरडली, "शमे, गॅस बघ! सगळी बटणं बंद कर!" भाजीला जातानासुद्धा आई हेच म्हणायची. शमिका घरभर धावली आणि दिसेल ते बटण पाडत गेली. मागच्या खोलीतलंही. चिठ्ठी तिला दिसली नाही. डिंक सुटून ती टेबलामागे पडली होती. दहाव्या दिवशी केर काढताना केरसुणीबरोबर बाहेर आली.

आणि दवाखान्यात बाबांनी मास्क बाजूला करून विचारलं होतं, "मशीन चालू आहे ना?"

"हो, बाबा." कुठलं मशीन, हेसुद्धा तिने विचारलं नव्हतं.

दीड महिना झाला तरी हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमारास अरविंदकाकांचा फोन आला. "शमू, झालं का? हॉलवाला टेस्टिंगसाठी डोकं खातोय."

"काका, बाबा इको किती ठेवायचे? तुम्ही ऐकलं असेल ना?"

"मी? अगं, मला कुठे ऐकवतोय तो! म्हणायचा, झाल्यावर ये. मी म्हटलं, यार नरहर, सात महिन्यांत तर माणूस बाप होतो. तर म्हणतो, तुझी घाई तिथेही नडली असेल." काका हसले आणि हसता हसता थांबले. "टेन्शन नको घेऊ. कुठलाही छानसा इको लाव. लोकांना काय कळतंय!"

तिने फोन ठेवला. कुठलाही छानसा इको मशीनमध्ये कंपनीनेच भरून दिलेला होता, शंभर प्रकारचा. तिने कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून पुन्हा मशीनमध्ये सोडला आणि एकेक प्रकार लावून पाहिला. एकात गिटार विहिरीत पडल्यासारखी वाटली, एकात लग्नाच्या बँडसारखी. ती उठली, खिडकी उघडली, परत बसली, खिडकी लावली.

मग तिने मशीन बाजूला सारून नुसती 'बहुधा' ऐकली.

पहिल्या दिवसापासून तिला या फाइलींत दुसरंच काही हवं होतं. बाबांचा खोकला, खुर्चीची करकर, बाहेरून आईची हाक. त्यातलं काहीच नव्हतं. वायरमधून फक्त तारा जातात. खोली जात नाही, माणूस जात नाही. बोटं तारेवरून सरकताना होणारी बारीक चिरचिर, तेवढी होती. चाल त्यांचीच, संथ. एक सूर वाजायचा आणि मग थांबा. दोन सूर, पुन्हा थांबा. नुसतं ऐकलं तर वाटावं, माणूस पुढचं विसरला. पण प्रत्येक थांबा सारख्याच लांबीचा होता. विसरणारा माणूस इतका नेमका विसरत नाही.

ते थांबून पडसाद ऐकत होते.

शमिकाने स्क्रीनवर सुरांमधल्या जागा मोजायला घेतल्या. जेवायला ये म्हणून आई दोनदा येऊन गेली. शेवट मोजताना तिचा हात थबकला. शेवटचा सूर विरून तार पूर्ण गप्प झाल्यावर अकरा सेकंद काहीच नव्हतं, सरळ रेघ. आणि मग एक बारीकसा 'टण्'. तारांवर पंजा ठेवताना बाबांची अंगठी लागायची, तो.

म्हणजे तार थांबल्यावरही अकरा सेकंद त्यांच्या कानात काहीतरी वाजत होतं. ते संपलं, तेव्हा त्यांनी हात ठेवला.

तिने पुन्हा मशीन ओढलं. थांब्यात नेमके बसतील असे पडसाद लावले. मग शेवट. घुमणं सात सेकंदांत संपलं. वाढवलं, तर चौदा झालं. बटण केसभर मागे. बारा. पुन्हा केसभर. तिसऱ्या की चौथ्या वेळी घुमत घुमत आवाज बारीक झाला, नाहीसा झाला, आणि तेवढ्यात अंगठी वाजली.

तिने हेडफोन काढला. घड्याळात सव्वातीन.

आई मटारचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "जेवणार आहेस, की तुझंही त्यांच्यासारखंच?"

"आई, बस जरा." शमिका उभीच राहिली. "मशीन मी बंद केलं. त्या दिवशी. बाबांनी बसवलेलं सगळं त्यात गेलं. त्यांनी मला विचारलंही होतं, चालू आहे का म्हणून. मी हो म्हणाले."

आईने पातेलं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसली. एक शेंग उचलून सोलली, मग दुसरी.

"बटणं बंद कर म्हणून मीच ओरडले होते," ती म्हणाली.

"पण बंद मी केलं."

"बरं, तू केलंस." आणखी एक शेंग. "लाव बघू, काय केलंयस ते."

शमिकाने हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवला. आईने अखेरपर्यंत ऐकलं, मान खाली घालून, हात शेंगांत तसेच. "छान आहे गं. पण मला नाही हे ओळखीचं. त्यांचं आहे, की तुझं?"

"नाही सांगता येत. मोजून केलंय. जवळपास असेल."

"हे कानावरचं ते एकटेच ऐकायचे. घरात काय, तारांची नुसती टिकटिक."

शमिकाने हेडफोन काढला आणि कोरडी फाइल स्पीकरवर लावली. दुसऱ्याच सुराला आईची मान वर आली. "हां, हेच! कणीक भिजवताना रोज हेच. आता थांबतील बघ." गिटार थांबली. "आता परत." गिटार परत सुरू झाली. "या जागेला भुवया अशा वर जायच्या. मी विचारायचे, एवढं काय ऐकताय? तर घाईघाईने हेडफोन काढून माझ्या कानाला लावायचे. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर संपलेलं असायचं. मग म्हणायचे, थांब, सबंध जमलं की नीट ऐकवतो."

शेवटचा सूर आला आणि गेला. दोघी अकरा सेकंद बसून राहिल्या. टण्.

"मंडळात हेच लाव," आई म्हणाली. "हे तरी त्यांचं आहे, शंकाच नको."

चारला पाच मिनिटं असताना शमिकाने 'बहुधा' होती तशी पाठवली. पाठोपाठ काकांचा फोन. "अगं शमू, ही तर कोरडीच आली! आणि शेवटी बराच वेळ रिकामं आहे. तेवढं कापू का?"

"नको, काका."

"हॉलमध्ये लोक चुळबुळ करतील. कुणीतरी टाळ्या पण वाजवेल मध्येच."

"वाजवू देत. पण अंगठी येईपर्यंत बंद करू नका."

"कसली अंगठी?"

"ऐकू येईल तुम्हाला."

साडेचारला टॅक्सी फाटकाशी येऊन हॉर्न द्यायला लागली. शमिका मागच्या खोलीत गेली. मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला होता. सेव्हच्या बटणावर तिने बोट ठेवलं, क्षणभर तसंच राहू दिलं आणि उचललं. मग खणातून चिकटपट्टी काढली, जुनी चिठ्ठी भिंतीवरच्या बटणाशेजारी लावली आणि चारी कडा अंगठ्याने दाबून बसवल्या.

आई पायरीवर चपला घालत होती. "गॅस पाहिलास?"

"पाहिला."

"सगळी बटणं बंद केलीस?"

"एक सोडून."

आईने मागे वळून पाहिलं, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.